अळिंबीचे प्रकार आणि त्यांचा स्वयंपाक: धिंगरीपासून गुच्छीपर्यंत

मोठ्या शहरांच्या भाजीबाजारात आता बटन अळिंबीच्या डब्याशेजारी धिंगरी (ऑयस्टर), दुधी अळिंबी, शिताके, किंग ऑयस्टर आणि अधूनमधून एनोकीही मांडलेली दिसते. घरी आणल्यावर मात्र या सगळ्यांच्या वाट्याला बहुधा एकच कृती येते. कांदा-टोमॅटोचा मसाला परतायचा, त्यात चिरलेली अळिंबी टाकायची आणि वरून साय घालून पनीरसारखी भाजी करायची. बटन अळिंबीला स्वतःची चव बेताचीच असल्यामुळे ती हे निभावून नेते. धिंगरीचा हलका सुवास किंवा शिताकेचा दाट, मुरलेला रस अशा भाजीत पूर्ण बुडून जातो आणि मग ‘एवढे पैसे देऊन वेगळे असे काय मिळाले’ हा प्रश्न रास्तच ठरतो. प्रत्येक प्रकाराची घडण निराळी असते आणि ती ओळखून शिजवले, तर मसाल्याचे कामही निम्म्याने कमी होते.

कोणत्याही अळिंबीला लागू पडणाऱ्या दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. ताज्या अळिंबीच्या वजनापैकी सुमारे नऊ-दशांश भाग पाणी असते. हे पाणी बाहेर पडून आटल्याशिवाय अळिंबी खरपूस होत नाही. तोवर ती स्वतःच्याच पाण्यात उकडत राहते. दुसरी गोष्ट अशी की अळिंबीच्या पेशींच्या भित्तिका कायटिन या द्रव्याच्या असतात, आणि खेकड्या-कोळंबीच्या कवचातही हेच द्रव्य असते. उष्णतेने ते विरघळत नाही. म्हणून बटाटा किंवा दुधी भोपळा जास्त शिजला की जसा गळून जातो, तशी अळिंबी गळत नाही आणि पाच मिनिटे जास्त राहिली म्हणून बिघडत नाही. तिच्या स्वयंपाकात खरी चूक होते ती आच मंद ठेवण्याची आणि भांड्यात गर्दी करण्याची. पाव किलो अळिंबी लहान कढईत कोंबली, तर वाफ निघायला वाट राहत नाही आणि भाजी राखाडी, पाणचट होते. पसरट लोखंडी कढई किंवा तवा घ्यावा, तो चांगला तापू द्यावा आणि अळिंबी एका थरात मावेल एवढीच घालावी. मीठ सुरुवातीला घातल्यास पाणी लवकर सुटते, म्हणून खरपूसपणा हवा असेल तेव्हा ते शेवटीच घालावे. रस्सा करायचा असेल तर हा नियम पाळण्याचे कारण नाही.

निवड करताना नाक आणि बोट दोन्ही वापरावीत. ताज्या अळिंबीला मातीचा किंवा ओल्या लाकडाचा हलका वास असतो आणि तिचा पृष्ठभाग कोरडा लागतो. बोटाला बुळबुळीत लागणारी, आंबूस किंवा माशासारखा वास मारणारी अळिंबी घेऊ नये. धिंगरीच्या झुपक्याच्या बुडाशी किंवा छत्रीच्या मधोमध कधी कधी कापसासारखी पांढरी लव दिसते आणि ती बुरशी समजून पुष्कळ जण आख्खे पाकीट फेकून देतात. वास चांगला असेल आणि लव शुभ्र असेल, तर ती त्या अळिंबीचेच तंतू असतात व खायला चालतात. हिरवी, काळी किंवा गुलाबी छटा दिसली, तर मात्र ती टाकून द्यावी. साठवण कागदी पिशवीत, शीतकपाटात करावी. बंद प्लॅस्टिकमध्ये पाणी साचून ती दोन दिवसांत चिकट होते. धिंगरी तीन-चार दिवस, बटन साधारण आठवडाभर आणि किंग ऑयस्टर त्याहूनही जास्त टिकते. अळिंबी धुऊ नये, कारण ती स्पंजासारखी पाणी पिते, असे जे सांगितले जाते त्यात अतिशयोक्ती आहे. वाहत्या पाण्याखाली झटपट धुतल्याने ती फारसे पाणी शोषत नाही. धुऊन ठेवून देणे वाईट. धुऊन, फडक्याने टिपून लगेच कढईत टाकणे योग्य.

आपल्याकडे सर्वांत सहज मिळणारा खास प्रकार म्हणजे धिंगरी. ती भाताच्या पेंढ्यावर, गव्हाच्या किंवा सोयाबीनच्या काडावर वाढते. बटन अळिंबीला लागणारे कंपोस्ट आणि थंडगार खोल्या तिला लागत नाहीत, त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक लहान उत्पादक आणि बचत गट तिच्याकडे वळले आहेत. अखिल भारतीय समन्वयित अळिंबी संशोधन प्रकल्पाचे एक केंद्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आहे आणि घरच्या घरी अळिंबी वाढवण्याची हौस असणाऱ्यांसाठी ते ठिकाण माहितीचे आहे. धिंगरी सुरीने चिरू नये. बुडाचा घट्ट, चिवट गोळा तेवढा कापून टाकावा आणि छत्री देठासकट हाताने उभी फाडावी. छत्रीच्या खालच्या पातळ पाकळ्यांच्या दिशेने ती आपोआप फाटत जाते, कडा ओबडधोबड राहतात आणि त्या कडाच तव्यावर आधी कुरकुरीत होतात.

तिचे सुके मालवणी वळणाने फार छान होते. पाव किलो धिंगरीसाठी एक मध्यम कांदा उभा चिरून घ्यावा आणि अर्धी वाटी सुके खोबरे, दुसरा लहान कांदा व चार-पाच लसूण पाकळ्या खमंग भाजून, कमीत कमी पाणी वापरून घट्ट वाटण करावे. लोखंडी कढई तेल न घालता तापवावी. फाडलेली धिंगरी तीत पसरावी आणि अर्धा मिनिट तिला हात लावू नये. आधी चर्र असा आवाज येतो, मग पाणी सुटून आवाज मंदावतो आणि पाणी आटत आले की पुन्हा चुरचुर सुरू होते. हा दुसरा आवाज आला की कडेने दोन मोठे चमचे तेल सोडावे आणि कडा तांबूस होईपर्यंत परतून धिंगरी ताटलीत काढून घ्यावी. त्याच कढईत थोडे तेल घालून कांदा परतावा, त्यावर हळद, दीड चमचा मालवणी मसाला आणि वाटण घालून तेल सुटेपर्यंत भाजावे. मग धिंगरी परत घालून दोन आमसुले, मीठ आणि पाण्याचा केवळ एक हबका द्यावा. झाकण ठेवू नये. ठेवले तर सगळा खरपूसपणा वाफेने परत मऊ पडतो. तांदळाच्या भाकरीबरोबर हे सुके गरम असतानाच खावे. आदल्या रात्रीची मच्छी जशी सकाळी मुरून अधिक चांगली लागते, तसे येथे होत नाही.

दुधी अळिंबी हा अस्सल भारतीय प्रकार आहे. पश्चिम बंगालमध्ये सापडलेल्या या जातीचे शास्त्रीय वर्णन १९७४ मध्ये झाले आणि कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये तिचा ‘एपीके-२’ हा वाण लागवडीसाठी दिला. तीस ते पस्तीस अंश सेल्सिअसला ती जोमाने वाढते, त्यामुळे उन्हाळ्यात धिंगरीचा पुरवठा घटला की हिचा हंगाम भरात येतो. दिसायला शुभ्र, देठ जाडजूड आणि मांसल. देठ टाकून देणे म्हणजे निम्मी भाजी टाकून देणे. कच्चेपणी तिला मुळ्यासारखा थोडा उग्र वास असतो. तो नको असेल तर बोटभर जाडीचे उभे काप करून हळद-मिठाच्या उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटे काढावेत. तिची खरी जागा रश्श्यात आहे. वऱ्हाडी-नागपुरी पद्धतीच्या काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात धिंगरी पार हरवते, पण दुधीचे काप अर्धा तास उकळले तरी आकार सोडत नाहीत, दाताखाली घट्ट लागतात आणि तर्री आत ओढून घेतात. श्रावणात सामिष बंद असलेल्या घरांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. काही घरांत अळिंबीच त्या महिन्यात वर्ज्य असते, तेथे अर्थातच भाद्रपदाची वाट पाहावी लागेल.

किंग ऑयस्टर ही धिंगरीच्याच कुळातली, पण हिची छत्री नावापुरती आणि सगळे माहात्म्य देठात. देठाच्या दोन सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात, दोन्ही बाजूंनी सुरीने उथळ आडव्या-उभ्या चिरा द्याव्यात आणि कोकम आगळ, हळद, तिखट, आले-लसणाची गोळी व मीठ लावून वीस मिनिटे ठेवाव्यात. मग रवा आणि तांदळाचे पीठ समप्रमाणात मिसळून त्यात घोळवून, सुरमईच्या तुकड्यांसारख्या तव्यावर तेल सोडून तळाव्यात. मध्यम आचेवर एकेका बाजूला चार-पाच मिनिटे लागतात. घाई केल्यास रवा करपतो आणि आतली चकती रबरासारखी राहते. सोलकढी आणि भाताच्या ताटात ही तळलेली चकती माशाची नक्कल म्हणून वाढू नये. ती स्वतंत्र पदार्थ म्हणून वाढली तर तिचे कौतुक अधिक होते.

शिताकेकडे वळताना विचार थोडा बदलावा लागतो, कारण ही भाजीपेक्षा मसाल्याच्या डब्यात बसणारी वस्तू आहे. जपान आणि चीनच्या स्वयंपाकात ती शतकानुशतके आहे आणि तिथेही ताजीपेक्षा वाळलेलीचा मान मोठा. त्याला कारण आहे. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळातील ग्लुटामेट वेगळे करून त्याच्या रुचीला ‘उमामी’ हे नाव दिले. पुढे वाळलेल्या शिताकेत ग्वानिलेट नावाचे द्रव्य सापडले, जे ग्लुटामेटच्या सोबतीला आले की दोघांचा रस्सा एकेकट्यापेक्षा कितीतरी भरीव लागतो. टोमॅटोतही ग्लुटामेट भरपूर असल्यामुळे आपल्या टोमॅटोच्या सारात शिताकेचे पाणी घातले तर नेमके हेच घडते.

वाळलेली शिताके उकळत्या पाण्यात भिजवण्याचा मोह आवरावा. पाच-सहा मोठ्या छत्र्या धुऊन, तीन वाट्या थंड पाण्यात शीतकपाटात रात्रभर ठेवाव्यात. सकाळी छत्र्या फुगून मऊ होतात आणि पाणी चहासारखे तांबूस दिसते. ते पाणी फडक्यातून गाळून मंद आचेवर ठेवावे आणि उकळी न आणता, साठ ते सत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे वाफा दिसू लागतील पण बुडबुडे येणार नाहीत अशा बेताने, दहा-पंधरा मिनिटे राखावे. ग्वानिलेट तयार होण्याला हीच उष्णता मानवते. या पाण्यात मुगाची खिचडी शिजवावी, साराला किंवा मटकीच्या उसळीला ते वापरावे. मीठ नेहमीपेक्षा कमी लागते, म्हणून चव घेऊनच घालावे. भिजलेल्या छत्र्यांच्या पातळ पट्ट्या करून तुपात परताव्यात आणि त्याच खिचडीवर घालाव्यात. देठ लाकडासारखे राहतात, ते खाण्यात अर्थ नाही. ते गोळा करून पुढच्या वेळच्या पाण्यात टाकावेत. ताजी शिताके मिळाली तर ती नीट शिजवूनच खावी. कच्ची किंवा अर्धीकच्ची खाल्ल्यास काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठल्यासारखे खाज सुटणारे चट्टे उठतात. जपानमध्ये १९७० च्या दशकात या त्रासाची नोंद झाली आणि तो लेंटिनान या घटकामुळे होतो असे मानले जाते. चांगल्या शिजलेल्या शिताकेमुळे हा त्रास होण्याची शक्यता फारच कमी असते.

एनोकीचे पांढरे, शेवयांसारखे झुपके दिसायला देखणे असतात, पण पाकिटावरचे चित्र पाहून ते कच्चेच सॅलडमध्ये घालू नयेत. लिस्टेरिया हा जीवाणू शीतकपाटाच्या थंडाव्यातही वाढतो आणि अमेरिकेत २०२० मध्ये आयात केलेल्या एनोकीतून त्याची लागण झाल्याचे उघडकीस आले होते. गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना त्याचा धोका अधिक. बुडाचा दोन-तीन सेंटिमीटर भाग कापून, धागे सुटे करून उकळत्या सुपात टाकावेत आणि खळखळ उकळू द्यावेत. चव म्हणाल तर फार नाही. मौज आहे ती दाताखालच्या कुरकुरीतपणाची.

काळी, कानाच्या पाळीसारखी दिसणारी वाळलेली अळिंबी चिनी भाज्यांत असते. हिलाही इंग्रजीत ‘ब्लॅक फंगस’ म्हणतात, पण करोनाकाळात त्याच नावाच्या ज्या आजाराची दहशत होती, त्याच्याशी हिचा काहीही संबंध नाही. ती अर्धा ते एक तास भिजवली की पुरते आणि भिजवल्यावर कित्येक पटींनी फुगते, म्हणून मूठभर घेण्याचे धाडस करू नये. मात्र दिवसभर किंवा रात्रभर बाहेर भिजत ठेवणे कटाक्षाने टाळावे, कारण तशा पाण्यात वाढणारा एक जीवाणू असे विष तयार करतो की जे नंतर कितीही शिजवले तरी नष्ट होत नाही.

आता गुच्छी. हिमाचल प्रदेश, काश्मीर आणि उत्तराखंडच्या डोंगरांत बर्फ वितळल्यानंतर वसंतात ही रानात उगवते. गावकरी ती वेचून, दोऱ्यात ओवून वाळवतात आणि मैदानी बाजारात ती पोहोचते तेव्हा तिचा भाव चांगलाच चढलेला असतो. लग्नाच्या पंगतीत किलोवारी गुच्छी वाढण्याची ऐपत बहुतेकांची नसते, पण चार जणांच्या पुलावाला दहा-पंधरा ग्रॅम पुरते, हे लक्षात घेतले तर वर्षातून एकदा तिचा थाट परवडतो. मधाच्या पोळ्यासारख्या तिच्या खळग्यांत बारीक वाळू अडकलेली असते. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून प्रत्येक गुच्छी उभी चिरावी, आतून-बाहेरून धुवावी आणि भिजवलेले पाणी दुहेरी मलमलीतून गाळावे. तळाचा शेवटचा घोट, त्यात कचकच उतरलेली असते, तो खुशाल ओतून द्यावा. पातेल्यात तूप, तमालपत्र, दोन वेलदोडे आणि उभा चिरलेला कांदा परतून त्यात गुच्छी घालावी, गाळलेले थोडे पाणी घालून झाकण ठेवावे आणि पंधरा मिनिटे चांगली शिजू द्यावी. मग धुऊन निथळलेला बासमती आणि उरलेले पाणी घालून नेहमीसारखा पुलाव करावा. लवंग-दालचिनी येथे जपून वापरावी. गरम मसाल्याची पूड तर नकोच. गुच्छी कच्ची कधीही खाऊ नये. २०२३ मध्ये अमेरिकेच्या मोंटाना राज्यात एका उपाहारगृहात कच्ची व अर्धीकच्ची गुच्छी खाल्लेले ५१ लोक आजारी पडले आणि त्यांतील दोघे दगावले. वाळवण्याने ती शिजत नाही, ही गोष्ट विसरता कामा नये.

रानातल्या अळिंबीविषयी लिहिल्याशिवाय हा विषय कोकण-गोव्याच्या वाचकाला अपुराच वाटेल. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी, गोव्यातली अळमी, ही वाळवीच्या वसाहतीत वाढलेल्या बुरशीची फळे असतात. वाळवी आणि ही बुरशी एकमेकींवर अवलंबून असतात आणि म्हणूनच या अळिंबीची व्यापारी लागवड अजून साधलेली नाही. चवीच्या बाबतीत, माझ्या मते, विकत मिळणारी कोणतीही अळिंबी तिच्या जवळपास येत नाही. गोव्यात तिची शाकुती करतात: भाजलेले खोबरे, धने, खसखस, बडीशेप, मिरे, चक्रीफूल आणि शेवटी किंचित जायफळ. वाटण पातळसर ठेवावे, अळमी शेवटच्या दहा मिनिटांत घालावी आणि मसाल्याचे प्रमाण कोंबडीच्या शाकुतीच्या निम्म्यावर आणावे, नाहीतर ज्यासाठी एवढे पैसे मोजले तो रानवास उरत नाही. नुसता कांदा, हिरवी मिरची, हळद आणि ओले खोबरे घालून केलेली भाजी मला शाकुतीहून सरस वाटते.

ती घ्यायची असेल तर वर्षानुवर्षे त्याच रानातून वेचणाऱ्या माणसाकडूनच घ्यावी आणि स्वतः ओळखून तोडण्याचा हव्यास धरू नये. भ्रमणध्वनीवर छायाचित्र दाखवून अळिंबी ओळखणारी उपयोजने या कामी भरवशाची नाहीत. हिरवळीवर, बागेत उगवणाऱ्या मोठ्या पांढऱ्या छत्र्यांपैकी एक जात, जिच्या पाकळ्या पुढे हिरवट होतात, ती खाऊन भारतात अनेकांना उलट्या-जुलाबांचा जबर त्रास झालेला आहे. चांदीचा चमचा काळा पडणे, लसूण निळी पडणे, किड्यांनी खाल्लेली असणे या पारंपरिक कसोट्यांना काहीही आधार नाही. अमानिटा वंशातील काही जातींचे विष शिजवून जात नाही आणि लक्षणे सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात, तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते. खाल्ल्यावर त्रास झाला तर उरलेली अळिंबी पिशवीत घालून तडक रुग्णालय गाठावे. शिवाय अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज काढून आणण्यास कायद्याने मनाई आहे, हेही घेताना विचारून घ्यावे.

कोणताही प्रकार पहिल्यांदाच खात असाल तर वाटीभर भाजीने सुरुवात करावी, कारण कायटिन काही पोटांना जड जाते. उरलेली भाजी लगेच शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी चांगली वाफ येईपर्यंत गरम करून संपवावी. धिंगरी जास्त आली असेल तर ती फाडून, पाकळ्यांची बाजू वर ठेवून कडक उन्हात वाळवावी. उन्हातील अतिनील किरणांमुळे तिच्यातील अर्गोस्टेरॉल या द्रव्याचे ड जीवनसत्त्वात रूपांतर होते. दोन-तीन दिवसांत ती कुरकुरीत मोडू लागली की मिक्सरमधून पूड करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी आणि आमटीला उकळी येताना त्यातील एक चमचा घालावा.